डिस्ने वर्ल्ड इतकं महाग का झालं, आणि तरीही जायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०१२ मध्ये आम्ही दोघंच ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला गेलो होतो, फार मजा आली होती. आता अकरा आणि सहा वर्षांची मुलं आणि भारतातून आलेले सासू-सासरे असे सहाजण जायचं म्हणतोय. नोव्हेंबरात शाळांना जोडून सुट्टी आहे, तेव्हा सहा दिवस. विमान सोडून अकरा हजार डॉलरचा हिशेब आलाय. नुकतीच जाऊन आलेली मैत्रीण म्हणते, दिवस रांगेत गेले, दोन मोठ्या राइड बंद होत्या आणि रांग टाळायची तर माणशी वेगळे पैसे. ही लूट आहे, की आम्हीच जुन्या आठवणीत अडकलोय?"

मैत्रिणीचं एकही वाक्य खोटं नाही. मी फ्लोरिडातल्या एका मोठ्या पार्कात नऊ वर्षं राइडवर काम केलंय. आधी सीटबेल्ट ओढून बघणारी, नंतर पाळीची प्रमुख. गेली चौदा वर्षं लोकांच्या अशाच सहली आखून देते. त्यामुळे रांगेच्या दोन्ही टोकांची मला सवय आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: जा, पण नोव्हेंबरात नको, सहा दिवस नको आणि सहाही जणांना सारखी तिकिटं तर मुळीच नकोत. का, ते नीट सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

आधी भाव. तुम्ही २०१२ ला गेलात तेव्हा मॅजिक किंगडमचं, म्हणजे डिस्ने वर्ल्डमधल्या मुख्य पार्कचं, एका दिवसाचं तिकीट नव्वद डॉलरच्या आत होतं. २०१५ मध्ये ते पहिल्यांदा शंभरीपार गेलं, १०५ झालं. २०२५ च्या नाताळात तेच १९९ डॉलर. निव्वळ महागाई धरली तर तुमच्या वेळच्या तिकिटाचे आज सव्वाशेच्या आसपास व्हायला हवे होते. त्यावर जे काही आहे ती खरी दरवाढ. मात्र यात एक मेख आहे. तुमच्या वेळी वर्षभर एकच भाव असायचा. २०१६ पासून एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे बदलायला लागलं, २०१८ पासून अनेक दिवसांचंही. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये हे सर्वात उघड दिसतं. तिथला सर्वात स्वस्त दिवस २०१९ पासून १०४ डॉलरवरच राहिला आणि सर्वात महाग दिवस २०२४ च्या अखेरीस २०६ वर पोचला. बातमीत झळकतो तो वरचा आकडा. तुम्ही नोव्हेंबरातली सुट्टी धरलीत म्हणजे आपणहून वरच्या आकड्याच्या दिशेने गेलात.

पण इतकी वर्षं लोकांचं ऐकतेय, त्यावरून सांगते, केवळ आकड्यावर माणूस इतका चिडत नाही. एकदा पैसे मोजून आत गेल्यावर पावलोपावली पुन्हा हात पुढे केला जातो, त्याने चिडतो. आणि इथे गंमत अशी, की डिस्नेलँडची सुरुवातच तशी झाली होती.

१९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं तेव्हा दारातून आत जायला मोठ्या माणसाला एक डॉलर पडायचा आणि राइडचे पैसे निराळे. काही महिन्यांत कुपनांची पुस्तकं आली. 'ए' म्हणजे छोटी गोष्ट, पुढे चढत चढत १९५९ मध्ये 'ई' आलं, सर्वात भारी राइडसाठी. पुस्तकात ई कुपनं मोजकीच असायची. ती संपली की उरलेल्या ए आणि बी कुपनांचं करायचं काय? मग माणसं घोडागाडीत बसायची, चक्रात बसायची. तरी उरलेली कुपनं घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून असायची. या भानगडीने एक काम फुकटात होत होतं, ते म्हणजे गर्दी आपोआप पांगत होती.

१९८२ मध्ये कुपनं बंद झाली. एकदा तिकीट काढा, हवं त्यात हवं तितक्यांदा बसा. लोकांना हे अर्थातच आवडलं. पण आता छोट्या राइडमध्ये बसायचं कारणच उरलं नाही, सगळे मोठ्या राइडवर तुटून पडले. रांगा दोन-दोन तासांच्या झाल्या. त्यावर १९९९ मध्ये फास्टपास काढला. यंत्रात तिकीट घालायचं, परत यायची वेळ छापलेली चिठ्ठी मिळायची, फुकट. तुम्ही २०१२ ला वापरलात तो हाच.

कल्पना छान होती, फक्त तिचा एक परिणाम फार कमी जणांच्या लक्षात आला. चिठ्ठी खिशात असलेला माणूस पूर्वी रांगेत उभा असायचा, तो आता मोकळा फिरायला लागला. म्हणजे तो दुसऱ्या एखाद्या रांगेत जाऊन उभा राहिला. एकच माणूस एकाच वेळी दोन रांगांत, एक कागदावर आणि एक पायांवर. ज्या राइडला कधी वीस मिनिटांवर लागायची नाहीत तिथेही रांग दिसू लागली. २०१४ पासून हेच सगळं फोनवर आलं, तीन वेळा आगाऊ धरता येऊ लागल्या, तरी फुकटच. २०२० मध्ये साथीत पार्क बंद झालं तेव्हा हेही बंद पडलं. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत आलं ते माणशी दिवसाला १५ डॉलरचं होऊन. २०२४ च्या जुलैत नाव बदललं, आता त्याला लाइटनिंग लेन मल्टी पास म्हणतात, भाव तारखेवर आणि पार्कवर. मॅजिक किंगडमला गर्दीच्या दिवसांत माणशी ३५ डॉलरच्या वर सहज जातो. ट्रॉनसारख्या एखाददुसऱ्या राइडला त्यातही जागा नाही, तिला सिंगल पास वेगळा. २०२४ च्या ऑक्टोबरात याच्याही वरचा प्रीमियर पास आला. वेळ धरायची नाही, कधीही जा. सुरुवातीला तारीख आणि पार्क बघून १२९ ते ४४९ डॉलर, माणशी, दिवसाला, आणि तिकीट वेगळंच.

तेव्हा कुपनांचं पुस्तक परत आलंय म्हणा ना. फरक एवढाच, की त्या पुस्तकात काय मिळणार ते दारातच दिसायचं. आताचं पुस्तक फोनमध्ये आहे आणि किंमत दर तारखेला निराळी.

आता रांगेचं गणित, कारण तुमच्या मैत्रिणीचा दिवस नेमका कुठे गेला ते इथे कळेल. प्रत्येक राइडची तासाची एक क्षमता असते. समजा एखादीची तासाला १,५०० माणसं. आत दोन रांगा येऊन मिळतात, साधी आणि पैसेवाली. त्या मिळण्याच्या जागी एक कर्मचारी उभा असतो आणि कुठल्या रांगेतून किती सोडायचे ते ठरलेलं असतं. दर दहातले सात पैसेवाल्या रांगेतून सोडले, तर साध्या रांगेला तासाला उरतात ४५०. तुम्ही बाहेर उभे राहून बघता, पुढे साडेचारशे माणसं आहेत. राइड झपाझप चाललेली दिसते, तुम्ही म्हणता वीस मिनिटं लागतील. लागतो पूर्ण तास. त्या जागी मी कित्येक पाळ्या काढल्यात. साध्या रांगेतली माणसं पुढे जाणाऱ्यांकडे रागाने बघत नाहीत, माझ्याकडे बघायची.

राइड तासभर बंद पडून पुन्हा सुरू झाली तर हे प्रमाण आणखी बिघडतं, कारण त्या तासातले सगळे पासवाले परत येतात आणि साधी रांग जागच्या जागी गोठते. मात्र सुरू झाल्यावरची पहिली पाच-दहा मिनिटं साधी रांग रिकामी असते, बंद पडताना ती उठवलेली असते म्हणून. तेव्हा जवळ असाल तर धावा. पंधरा मिनिटांनी पोचणार असाल तर नादी लागू नका.

"गर्दी वाढली म्हणून रांगा वाढल्या" असं तुम्हाला कुणी सांगेल, तर हे आकडे लक्षात ठेवा. मॅजिक किंगडमला २०१९ मध्ये साधारण २ कोटी ९ लाख लोक आले होते. २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख. माणसं कमी झाली आणि रांग तिथेच आहे. याला एक कारण पासांचं, ते वर सांगितलं. दुसरं बाहेरच्याला दिसत नाही. कमी गर्दीच्या मोसमात पार्क सगळ्या गाड्या चालवतच नाही. कोस्टरला पाच गाड्या असतील तर तीन लावतात, दोन बाजूंनी चढवायची सोय असेल तर एकच बाजू उघडतात, कर्मचारीही तेवढेच. माणसं अंदाजावर लावली जातात, आणि अंदाज कमी असेल तर क्षमताही कमी. म्हणून बिनगर्दीच्या दिवसांत पैसे नक्की वाचतात, वेळ तितकासा वाचत नाही. आमच्या धंद्यातले बरेच लोक गिऱ्हाइकाला हे सांगत नाहीत.

जे तिकिटात किंवा हॉटेलच्या भाड्यात मिळायचं आणि आता मिळत नाही, त्याची यादी मोठी आहे. मी फक्त तुम्हाला आठवतील त्याच गोष्टी काढते. विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलात नेणारी फुकट बस २०२१ संपताना बंद झाली. सहाजणांना सामानासकट दोन्ही वेळा मोठी गाडी करायची तर तोही खर्चच. हॉटेलात राहणाऱ्यांना काही ठरावीक दिवशी पार्कात जास्तीचे तास मिळायचे, त्याजागी रोज सकाळी अर्धा तास आधी प्रवेश आला. आणि मॅजिक किंगडमची हॅलोविन आणि नाताळची संध्याकाळ. ती वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, अशा दिवशी दिवसाचं तिकीट घेतलेल्यांना सहा वाजता बाहेर जायला सांगतात. लहान पोराला आतषबाजी न बघता बाहेर काढताना आईबापांचे चेहरे बघवत नाहीत. पण याच पार्टीचा तुम्हाला फायदा होणार आहे, ते पुढे.

काही गोष्टी ओरड झाल्यावर परतही दिल्या, हे न्यायाने सांगायला हवं. हॉटेलातलं रात्रीचं पार्किंग २०१८ मध्ये पैशाचं केलं होतं, २०२३ मध्ये पुन्हा फुकट झालं. तिकिटासोबत पार्कची तारीख वेगळी राखून ठेवायची कटकट बहुतेकांसाठी २०२४ च्या जानेवारीत गेली.

आता दर्जा. बंद पडलेल्या राइडबद्दल माझं मत तुमच्या मैत्रिणीला आवडणार नाही. चालू राइड मध्येच थांबते तेव्हा बहुतेक वेळा तिची सुरक्षा यंत्रणा आपलं काम करत असते. रुळाचे तुकडे पाडलेले असतात, एका तुकड्यात एकच गाडी. कुठल्याही सेन्सरला शंका आली की सगळं थांबतं, मग ती शंका कुणाच्या खाली पडलेल्या टोपीमुळे का असेना. १९६७ ची समुद्री चाच्यांची राइड म्हणजे पाणी, होड्या आणि उतार. २०१९ मध्ये आलेल्या राइझ ऑफ द रेझिस्टन्स या स्टार वॉर्सच्या राइडमध्ये रुळांशिवाय चालणाऱ्या गाड्या, हलणारी खोली, खाली पडणारी लिफ्ट, पडदे आणि बोलते पुतळे, सगळं एकाच राइडमध्ये आणि सगळं एकमेकांवर अवलंबून. ती जास्त वेळा बंद पडणारच. ते तुटकं काम नाही, गुंतागुंतीचं काम आहे.

याउलट डिस्ने वर्ल्डच्याच ॲनिमल किंगडम या पार्कातला यती. एक्सपिडिशन एव्हरेस्ट ही राइड २००६ मध्ये उघडली, त्यात शेवटी तुमच्या अंगावर झेपावणारा प्रचंड यती होता. उघडल्यावर थोड्याच काळात तो हलायचा थांबला. तेव्हापासून त्याच्यावर लुकलुकणारा दिवा सोडतात, म्हणजे हलल्यासारखा वाटतो. चाहते त्याला डिस्को यती म्हणतात. इतकी वर्षं झाली. तिकीट कितीदा वाढलं ते मोजा आणि यतीचा हात कितीदा हलला तेही मोजा. मला राग येतो तो याचा. बंद राइड दुसऱ्या दिवशी सुरू होते. अर्धवट चालणारी गोष्ट मात्र बंद म्हणून मोजलीच जात नाही, तशीच चालू राहते. विझलेला दिवा, मान न हलवणारा पुतळा, रंग उडालेला कठडा. ही कामं रात्रीच्या पाळीत होतात. मी लागले तेव्हा ती पाळी लांब असायची. मग बंद झाल्यानंतरच्या खास तिकिटांचे कार्यक्रम वाढले, पार्क रिकामं व्हायला उशीर होऊ लागला आणि त्या पाळीचे तास आखडले. मला तरी तिथेच पाणी मुरताना दिसतं.

आणखी एक गोष्ट भावाच्या चर्चेत हरवते. २०२५ च्या जुलैत मॅजिक किंगडममधली नदी आणि टॉम सॉयरचं बेट कायमचं बंद केलं, तिथे 'कार्स' या चित्रपटावरचा नवा भाग होतोय. बेटावर राइड नव्हती, म्हणून आकड्यांत ते बिनकामाचं दिसत असेल. पण दुपारी शेकडो माणसं तिथे जाऊन बसायची, मुलं गुहांतून पळायची, आणि तेवढी माणसं कुठल्याच रांगेत नसायची. अशा गर्दी शोषून घेणाऱ्या जागा गेल्या की उरलेल्या सगळ्या जागा जास्त दाटतात. कंपनीने २०२३ मध्ये पार्क आणि आपल्या पर्यटन जहाजांवर दहा वर्षांत सुमारे ६० अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलंय. चांगलंच आहे, फक्त त्याचा अर्थ असाही, की पुढची काही वर्षं कुठे ना कुठे पत्रे ठोकलेले दिसतील आणि तिकीट पूर्ण पार्कचं घेतील. तरी जुलै २०२५ मध्ये रात्रीची मिरवणूक परत सुरू झाली. २०१६ पासून मॅजिक किंगडमला रात्रीची मिरवणूकच नव्हती, तेवढी एक गोष्ट परत मिळाली.

हे भाव खाली येतील का, असं लोक विचारतात. मला वाटत नाही. सिक्स फ्लॅग्ज या दुसऱ्या साखळीने २०२२ मध्ये सवलती काढून, दर चढवून गर्दी कमी करायचा प्रयत्न केला. गर्दी खरंच कमी झाली, एका वर्षात जवळपास चौथाईने, आणि त्यांना माघार घ्यावी लागली. डिस्नेलाही एक ठेच लागलीय. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांनी स्टार वॉर्सचं हॉटेल काढलं, दोन रात्री, दोघांचे जवळपास ४,८०० डॉलर. दीड वर्षात, २०२३ च्या सप्टेंबरात ते बंद झालं. त्याच वर्षी डिस्नेचे तेव्हाचे मुख्य अधिकारी बॉब आयगर यांनी गुंतवणूकदारांसमोर दरवाढीत आपण जरा जास्तच पुढे गेलो असू असं कबूल केलं. पण मुख्य दारावर माणसं येतच आहेत. येतात तोवर वरचा भाव वर जाणार आणि खालचा भाव खाली धरून ठेवणार, म्हणजे "आमच्याकडे स्वस्त दिवसही आहेत" असं म्हणता येतं. आपण त्या खालच्या दिवसांना जायचं.

मधेच एक तिरकी गोष्ट. टोकियोचं डिस्नेलँड आणि डिस्नेसी डिस्नेच्या मालकीचं नाही. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी ते चालवते आणि डिस्नेला नावाचे पैसे देते. तिथलं एका दिवसाचं तिकीट तारखेनुसार ७,९०० ते १०,९०० येन, डॉलरमध्ये शंभरच्या बरंच आत, आणि देखभाल अशी, की आमच्यासारख्या जुन्या कामगारांनी बघत राहावं. भारतात जाता-येता कधी जपान जमलं तर विचार करा. घराजवळचं हवं असेल तर पेनसिल्व्हेनियातलं कनोबल्स (Knoebels) हे पार्क आहे. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, बसाल त्या राइडचे पैसे. आजी-आजोबांना बाकावर बसून नातवंडं बघायची असतील तर त्यांचं तिकीटच नाही.

आता तुमची सहल.

तारीख बदला, बाकी सगळं त्यानंतर. तुम्ही म्हणताय ती नोव्हेंबरातली सुट्टी म्हणजे न्यू जर्सीच्या शिक्षक संघटनेच्या अधिवेशनाची. सगळ्या राज्याच्या शाळा एकदम बंद असतात आणि निम्मं राज्य ऑर्लँडोला लोटतं. आमच्यात त्या आठवड्याला सरळ जर्सी वीक म्हणतात. त्याऐवजी ऑगस्टचे शेवटचे दहा दिवस बघा. फ्लोरिडाच्या आणि दक्षिणेकडच्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू झालेल्या असतात, तुमच्याकडच्या बहुतेक लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) होतात. हे दहा दिवस तुम्हाला मोकळे आणि त्यांना शाळा. तिकीट आणि हॉटेल दोन्ही खालच्या भावात. किंमत उकाड्यात मोजावी लागते, आणि ती खरोखर मोजावी लागते. दुपारी घामाच्या धारा, मग विजांसह पाऊस, तेव्हा उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. वादळांचाही मोसम असतो. ऑर्लँडोला किंवा तुमच्या गावाला चक्रीवादळाचा अधिकृत इशारा लागला तर डिस्ने आपला दंड न लावता तारीख बदलू देते, पण विमानाचं तुम्हाला बघावं लागेल. सासऱ्यांना उन्हाचा त्रास असेल तर जानेवारीचा शेवट सुचवेन, फक्त शाळा बुडवावी लागेल.

दिवस चार करा. तिकिटाच्या पानावर पाचवा-सहावा दिवस फार स्वस्त दिसतो, तो मोह टाळा. दिवस जोडला की दोन खोल्या, सहाजणांचं खाणं आणि पास त्याच्या मागून येतात. मी एकदा एका कुटुंबाला आठ दिवसांची मिनिटामिनिटाची आखणी करून दिली होती, मला तिचा अभिमान होता. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या बाबांचा फोन आला: "आम्ही सुट्टीवर आलोय की पाळीवर?" तेव्हापासून मी रोज दुपारी चार तास कोरे ठेवते.

मॅजिक किंगडमला पार्टी असेल तो दिवस निवडा. हॅलोविनच्या पार्ट्या ऑगस्टमध्येच सुरू होतात. संध्याकाळी सहाला बाहेर काढतात म्हणून पुष्कळ लोक तो दिवस टाळतात आणि दिवसभर रांगा आखूड राहतात. तुमच्या घरात सत्तरीची माणसं आणि सहा वर्षांचं पोर आहे. त्या उन्हात सहानंतर तुम्ही तसेही उभे राहणार नाही. आतषबाजी आणि मिरवणुकीसाठी दुसऱ्या एका दिवशी संध्याकाळी या. सकाळी मात्र दार उघडायच्या पाऊण तास आधी पोचायचं. पहिल्या दीड तासात जितक्या राइड होतात तितक्या दुपारी बारा ते पाचमध्ये होत नाहीत. डिस्नेच्या हॉटेलात राहिल्यावर मिळणारा अर्ध्या तासाचा लवकर प्रवेश डिस्ने स्प्रिंग्ज या डिस्नेच्याच बाजारपेठेजवळच्या काही इतर हॉटेलांनाही मिळतो, आणि तिथे दोन खोल्या बऱ्याच स्वस्तात पडतात.

मल्टी पास फक्त मॅजिक किंगडमच्या एका दिवशी घ्या, तोही तुम्हा चौघांनाच. डिस्नेच्या हॉटेलात असाल तर मुक्कामाच्या सात दिवस आधी सकाळी सातला धरता येतो, नाहीतर पार्कात जायच्या दिवसाच्या तीन दिवस आधी. ॲनिमल किंगडमला घेऊ नका, तिथे लवकर गेलं की भागतं. सिंगल पासचे पैसे भरायच्या आधी धाकट्याची उंची मोजा, बुटांसकट. ट्रॉनला ४८ इंच लागतात आणि सहा वर्षांची बहुतेक मुलं तिथवर पोचत नाहीत. मोठ्याला बसायचं असेल तर रायडर स्विच मागा. एकजण धाकट्यापाशी थांबतो, दुसरा बसून आला की पहिला रांगेशिवाय बसतो. याला पैसे पडत नाहीत आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मोठा हॅरी पॉटरवाला असेल तर एक दिवस युनिव्हर्सलचा, ऑर्लँडोतल्याच दुसऱ्या कंपनीच्या पार्कांचा, ठेवा. तिथल्या तीन महाग हॉटेलांत, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, खोलीसोबत दोन जुन्या पार्कांचा रांग टाळायचा पास येतो. एक रात्र राहिलात तरी येतो त्या दिवशीही चालतो आणि निघतो त्या दिवशीही. चौघांच्या पासाची सुटी किंमत आणि त्या खोलीचं भाडं शेजारी ठेवून बघा, कित्येकदा खोली स्वस्त पडते. २०२५ च्या मेमध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्काला मात्र हा पास लागू नाही.

पाणी विकत घेऊ नका. खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर मागितलं तर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. घरचे डबेही आत नेता येतात, काच आणि दारू सोडून. सासूबाईंनी ठेपले नेले तर कुणी अडवणार नाही.

आणि सासू-सासऱ्यांची तिकिटं. चार दिवसांची नकोत, दोनच दिवसांची घ्या, मॅजिक किंगडम आणि एपकॉट हे डिस्ने वर्ल्डचंच आणखी एक पार्क. उरलेल्या दिवशी तुम्ही राइडमध्ये असाल आणि ते बाकावर, त्या बाकाचे शंभरावर डॉलर कशाला? त्या दिवसांत त्यांना मोनोरेलने मोठ्या हॉटेलांची चक्कर मारू द्या, ती फुकट आहे. एका दुपारी ॲनिमल किंगडम लॉजला न्या. तिथे सना नावाचं रेस्टॉरंट आहे, नान-रोट्या आणि नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणच्यांचं ताट मिळतं आणि खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे चरत असतात. पार्कचं तिकीट लागत नाही. टेबल साठ दिवस आधीपासून धरता येतं, खिडकीजवळचं मागा, आणि प्राणी जागे असतील अशी उजेडाची वेळ घ्या.